परक्या शेकोटीवरचा माग

६ जून १९७६, रविवार

ही वही माझी. जंगलाच्या ऑफिसच्या वहीत हत्तींच्या नोंदीचे सात रकाने असतात: तारीख, वेळ, पायाचा घेर, सुळे, सोबत कोण, लीद आणि जागा. माणसाला काय वाटलं त्याचा रकाना त्यात नाही, म्हणून ही वेगळी वही सुरू करतो आहे.

वस्तीत मला ऑफिसचा कुत्रा म्हणतात. म्हणोत. काल ऑफिसात शनिवारचा, म्हणजे आठवड्याच्या नोंदीचा, कागद देऊन परतताना विहिरीपाशी कुणीतरी भुंकून दाखवलं. मी थांबलो आणि म्हणालो, "कुत्रा दोन भुंकण्यांच्या मधे श्वास घेतो. तू घेतला नाहीस. नीट शिकून ये." माहिती असली की भांडायला आवाज चढवावा लागत नाही.

मी एलेमा बारिसा. राहतो मोंबासामागच्या रानात. जातीनं वाता, म्हणजे धनुष्यानं हत्तीची शिकार करणाऱ्यांतला, वय त्रेचाळीस. शाळेची पायरी चढलो नाही. इंग्रजांच्या शेवटच्या वर्षांत आमच्या सगळ्या धनुष्यवाल्यांना चोर ठरवून धरून नेलं, तेव्हा वडील आणि मी एकाच साखळीत होतो. तुरुंगात वडील खोकत खोकत गेले आणि मी अक्षरं शिकलो, शेजारी ठेवलेल्या एका कारकुनाकडून, भिंतीवर कोळशानं. तो अफरातफरीत आत आला होता, पण त्याचं अक्षर सरळ होतं.

गेली नऊ वर्षं या राखीव जंगलातल्या मोठ्या नरांची नोंद मी ठेवतो. मोठा म्हणजे ज्याचे सुळे गवताला टेकतात. १९६७ साली सत्तावन्न होते. एकाहत्तरच्या दुष्काळात माद्या आणि पिल्लं पाण्याजवळ बसल्या जागी मेली. नर लांब चालतात, त्यामुळे त्यांतले अकराच गेले. बाकीचे बंदुकीनं नेले. आज चार उरलेत: फाटक्या, मुका, न्हावी आणि दोन-ओढे. फाटक्याचा डावा कान फाटलेला. मुका कधी ओरडत नाही. न्हावी बाभळीचे शेंडे असे सफाईनं खुडतो की झाड हजामत केल्यासारखं दिसतं. आणि दोन-ओढ्याच्या पुढच्या डाव्या तळव्यावर दोन लांब भेगा टाचेपाशी मिळतात, पावसाळी ओढे मिळावेत तशा. हत्तीचा तळवा आपल्या तळहातासारखा असतो, दोघांचा एक नसतो. पुढच्या पायाचा घेर दोरीनं मोजून दुप्पट केला की खांद्याची उंची येते. हे मला कुणी शिकवलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी परदेशातल्या एक डॉक्टरबाई इथे हाडं मोजायला होत्या. माझ्या वह्या पाहून म्हणाल्या, एलेमा, याचं पुस्तक होईल आणि त्यावर तुझं नाव येईल. पत्र अजून आलेलं नाही. आमच्याकडे टपाल उशिरा येतं.

आणखी एक लिहून ठेवतो, म्हणजे भुंकणाऱ्यांचा प्रश्न मिटेल. आम्हा वातांत माग लपवणं ही चोरी. मोठ्या नराचा माग ज्याला आधी दिसेल त्यानं तो म्हाताऱ्यांच्या शेकोटीवर ठेवायचा, म्हणजे तिथे बसून सगळं सांगायचं: कुठे, कधी, कुठल्या दिशेला. नाहीतर दोघं एकाच जनावरामागे जातात आणि रक्त सांडतं. आता धनुष्यं गेली, शेकोट्या विझल्या. पण रीत विझत नाही. ऑफिस हीच आता शेकोटी, असं मी ठरवलं आणि तिथे माग ठेवतो. नऊ वर्षांत एकही लपवला नाही.

काल फाटक्याचा ठेवला. दाका हारो टेकडीच्या उत्तरेचं डबकं, घेर अठ्ठावन्न इंच.

९ जून, बुधवार

फाटक्या मेला. त्याच डबक्यावर.

काल ऊन कलल्यावर मारला आहे. पोटाखालची माती अजून ओली होती आणि अळ्या पडलेल्या नव्हत्या. गुडघ्यात तीन गोळ्या, कानामागे एक. तोंड कुऱ्हाडीनं उकललेलं. मी घेर मोजला. अठ्ठावन्न. जिवंतपणीचा आणि मेल्यावरचा आकडा एकच आला. मग बाभळीची एक हिरवी फांदी त्याच्या खांद्यावर ठेवली. वडील ठेवायचे.

हे बंदूकवाले नदीपलीकडून चांदण्यात चालत येतात आणि दिवसा मारतात, असं माझं मत आहे. पौर्णिमा परवावर आलीच आहे.

हबाटोला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती पीठ ढवळत होती. म्हणाली, "अहो, तुम्ही ज्याला वहीत फार नीट लिहिता तो फार टिकत नाही."

"हे बायकांचं खूळ. लिहिल्यानं कुणी मरत नाही."

"मी कुठे म्हणते लिहिल्यानं मरतो?" ती म्हणाली आणि भांडं जरा जोरात खाली ठेवलं.

१२ जून, शनिवार

ऑफिसात गेलो. मुसेम्बी साहेब जंगलाचे वॉर्डन होऊन आले त्याला दोन वर्षं झाली. आधीचे वॉर्डन माझा कागद न वाचता खिळ्याला अडकवायचे. हे उभे राहून वाचतात. फाटक्याचं ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "तुझ्यासारखे दहा असते ना, एलेमा, तर एक हत्ती मेला नसता." मग जाड पुठ्ठ्याची नवी वही दिली आणि सुचवलं की नर पाण्यावर नेमका कुठल्या वेळी येतो तेही लिहीत जा. सूचना बरोबर आहे. मला आधी सुचायला हवी होती.

या आठवड्यात दोन-ओढ्याचा माग काही मिळाला नाही. वस्तीतल्या शेळ्या त्यावरून गेल्या होत्या. गेल्या महिन्यातही तेच झालं. हजारदा सांगितलं, शेळ्या दुसरीकडून न्या म्हणून. एवढं मोठं रान पडलंय आणि यांना नेमकी तीच वाट सापडते. हबाटोच्या शेळ्या सगळ्यांत पुढे.

एक तक्रार नोंदवतो. ऑफिसची गाडी दर बुधवारी डिझेल आणायला मोंबासाला जाते. काझुंगू चालवतो. माणूस बोलघेवडा, कामात ढिला. मी चाकोऱ्या तपासल्या. जाताना चाकं खोल रुतलेली आहेत, येताना वरवर. उलट असायला हवं. जाताना पिंपं रिकामी असतात. म्हणजे हा डिझेल वाटेत विकतो.

तोंडावर विचारलं. काझुंगूनं उलट मलाच विचारलं.

"एलेमाभाऊ, तुला चाकोरी वाचता येते?"

"मला सगळं वाचता येतं."

"मग अजून थोडं वाच ना," तो म्हणाला. "मला बायको आहे, चार पोरं आहेत. मला वाचता येत नाही."

चोराला लाज नसते.

२७ जून, रविवार

अब्बा गोडानाकडे गेलो होतो. वडिलांच्या बरोबरीचा, आमच्यातला शेवटचा मोठा धनुष्यवाला. डोळ्यांत पांढरं वाढलंय, उजेड-अंधार एवढंच कळतं. मधासाठी झाडावर टांगतात त्या पोकळ ओंडक्यांची झाकणं तासत बसलेला असतो आणि हातानंच ठरवतो की बसेल का नाही. बसतं.

"कोण? पाय घासत येतोय म्हणजे एलेमा. लिहिणारी माणसं पाय घासतात."

"मी पाय घासत नाही, अब्बा."

"बरं. काल माग ठेवलास?"

"ठेवला. मुक्याचा. कोरड्या ओढ्याच्या वळणावर खड्डा करून पाणी काढतो आहे. ऊन चढल्यावर येतो."

"कुणाच्या शेकोटीवर?"

"ऑफिसच्या."

"तिथे कोण बसतं?"

"साहेब."

"आणि साहेबाच्या पाठीमागे?"

"पाठीमागे भिंत आहे," मी म्हणालो. खरंच भिंतच आहे.

म्हातारा हसला. मग म्हणाला, आमच्या वेळी शेकोटीवर कोण बसलंय ते मोजल्याशिवाय कुणी तोंड उघडत नसे. पोटऱ्या मोजायचे, कारण काळोखात तोंड दिसत नाही. मी म्हटलं, मला नऊ वर्षं मोजण्याचीच सवय आहे. तो म्हणाला, "हो, हत्ती मोजण्याची." आणि झाकण तासत बसला. वय झालं की माणूस कोड्यात बोलतो.

परतताना त्यानं एक सांगितलं ते लिहितो. तो म्हणाला की आम्ही बाणानं मारायचो तेव्हा एका नरामागे अख्ख्या वस्तीनं चार दिवस चालायचं, विष झाडाच्या सालीतून दिवसभर उकळायचं, मांस सगळ्यांत वाटायचं, आणि तरी सुळ्यांचं रान संपलं नाही. आम्हाला चोर म्हणून नेलं, हत्ती वाचावेत म्हणून. "मग वाचले का रे?" त्यानं विचारलं. मी आकडा सांगितला. तीन.

३० जून, बुधवार

मुका मेला. काल, ऊन चढल्यावर. ओढ्याच्या वळणावर, स्वतःच खणलेल्या खड्ड्यात सोंड तशीच.

घेर एकोणसाठ. काल अवसेला दोन दिवस झाले होते, चांदणं नव्हतं. माझ्या मताला हे एक बाधक उदाहरण आहे. प्रामाणिकपणे नोंदवतो. कदाचित या खेपेला विजेरी घेऊन आले असतील.

हबाटो आज शेळ्या घेऊन सकाळीच गेली ती उन्हं उतरल्यावर आली. मी विचारलं, एवढ्या लांब का? म्हणाली, चारा लांब आहे.

१४ जुलै, बुधवार

न्हावी.

शनिवारी मी लिहिलं होतं: दाका हारोची दक्षिण बाजू, दुपारी तीन. काल मारला, दुपारी तीनच्या सुमाराला. सावली कुठे होती आणि रक्त कुठे सुकलं होतं त्यावरून अर्धा तास इकडे-तिकडे, त्यापलीकडे चूक नाही. तोंडात अजून बाभळीचा शेंडा होता.

पौर्णिमा अकराला होती. म्हणजे माझं मत पुन्हा उभं राहिलं. आता गप्प बसायचं नाही. गेल्या दोन वर्षांत मेलेल्या सगळ्या मोठ्या नरांचा तक्ता करतो: कधी मेला, चंद्र किती होता. राजधानीत मोठ्या साहेबांना पाठवतो. नदीवर पौर्णिमेच्या आठवड्यात पहारा बसवा म्हणून मागणी करतो. कागदावर मांडलेलं कुणाला नाकारता येत नाही.

१५ जुलै, गुरुवार

तक्ता पुरा झाला. एकोणीस नर.

चंद्राचं काही जमत नाही. नऊ उजेडात, दहा अंधारात.

मी बाजूला आणखी एक रकाना आखला होता, मी त्यांना शेवटचं कधी नोंदलं त्याचा. अशीच सवय म्हणून. एकोणिसांपैकी सतरा जण शनिवारी माझ्या कागदावर आहेत आणि मंगळवारी मेले आहेत. बुधवारी गाडी मोंबासाला जाते, जड होऊन.

गेल्या वर्षी पाच आठवडे मी तापानं पडलो होतो. कागद गेला नाही. त्या पाच आठवड्यांत एकही नर मेला नाही.

तीनदा तपासलं. मी कुठेही चुकलेलो नाही. माझा एकही आकडा चुकलेला नाही. हेच वाईट आहे.

१६ जुलै, शुक्रवार

काही खाल्लं नाही. हबाटोनं मधाचं पाणी पुढे ठेवलं आणि विचारलं, "कळलं?"

"तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? मला लिहिता येत नाही."

"सांगितलं का नाहीस?"

"दोन वर्षं सांगते आहे. तुम्ही म्हणता खूळ."

मी तिच्यावर ओरडलो. मग वही काढली आणि मागची पानं चाळली. ९ जूनला तिचं वाक्य माझ्याच हातचं आहे. मी ते तंतोतंत उतरवून घेतलं होतं.

आज सकाळी दोन-ओढे दिसला. दिसायला नको होता, पण दिसला. उद्या शनिवार.

१७ जुलै, शनिवार

नेहमीच्या वेळी गेलो. चुकवायला मी काही चोर नाही. कागद पुढे ठेवला. साहेब उभे राहून वाचू लागले.

"घेर साठ, डावा सुळा जमिनीपासून चार बोटं... वा! हा तो म्हातारा ना? आणि जागा? रकाना रिकामा आहे."

"हो."

"विसरलास?"

"मी विसरत नाही."

"मग भर."

"नाही."

साहेब हसले. "एलेमा, ऊन लागलं का तुला?"

मी तक्ता काढला आणि टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला. हा माणूस वाचतो छान, एका ओळीवरून दुसरीवर उडी मारत नाही. सतराव्या ओळीपर्यंत गेले आणि मग खुर्चीत बसले.

"हे कुणाला दाखवलंस?"

"तुम्हाला. माग ठेवायचा तर ज्याचा त्याच्यासमोर."

ते बराच वेळ बोलले. योगायोग म्हणाले. नोकरांतला कुणी फुटला असेल म्हणाले. मग आवाज मऊ करून म्हणाले की डॉक्टरबाईंचं पत्र येण्यासारखं आहे, पुस्तकाचं काम साहेबांच्याच शिफारशीवर अडलंय. मग मऊपणा संपला. तुझ्या सगळ्या जुन्या वह्या सरकारच्या मालकीच्या आहेत, सोमवारी सकाळी इथे पाहिजेत. तू तुरुंगात गेलेला माणूस आहेस, तुझ्या झोपडीत विष सापडायला किती वेळ लागतो?

"विष एक दिवस उकळावं लागतं, साहेब," मी म्हणालो. "ठेवायचंच असेल तर ताजं ठेवा. जुनं वास मारतं, कुणालाही कळतं."

बाहेर काझुंगू गाडी पुसत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी फक्त चालवतो, भाऊ."

"माहीत आहे," मी म्हणालो. "मी फक्त लिहितो."

१८ जुलै, रविवार

अब्बा गोडानाच्या अंगणात शेकोटी पेटवली, भर उन्हात. नऊ वर्षांत पहिल्यांदा. आणखी चार म्हातारे आले, सगळे तुरुंगातले सोबती. मी पोटऱ्या मोजल्या. दहा. बरोबर होतं. मग बसलो आणि दोन-ओढ्याचा माग ठेवला: कुठे, कधी, कुठल्या दिशेला.

"वाट सापडली म्हणायची," एक म्हातारा म्हणाला. "ऑफिसात भाकरी करपली वाटतं."

"करपली नाही. मीच टाकली."

माग ठेवून झाल्यावर मी स्वतःच न्याय मागितला. परक्या शेकोटीवर ठेवलेल्या मागानं जनावर गेलं तर ठेवणाऱ्याच्या धनुष्याची दोरी कापतात, ही रीत. सतरा वेळा कापायला हवी. पण माझ्याकडे धनुष्य नाही. अब्बा गोडाना म्हणाला, "दोरी आहे की." मी कंबरेची मोजायची दोरी सोडून दिली. नऊ वर्षांची, दर इंचाला गाठ. त्यानं बोटांनी गाठी चाचपल्या, म्हणाला काम चोख आहे, आणि मधोमध कापली. मला वाईट वाटलं. वाटायलाच हवं होतं.

मग त्यानं विचारलं, "तुझ्या वह्यांत तो किती ठिकाणी आहे?"

"दोनशे चौदा."

"आणि उद्या त्या वह्या देणार?"

"मागितल्यात. शनिवारचे कागद तिथे कुणी जपत नाही, जुन्या जागा फक्त वह्यांत आहेत. आणि सरकारच्या पैशानं घेतलेला कागद आहे, जाळला तर मी खरंच चोर."

"मग तो दोनशे चौदा ठिकाणी मरेल. हत्ती पाण्याचे रस्ते बदलत नाहीत."

मी घरी आलो. तेवीस वह्या काढून पसरल्या. पान मी एकाच बाजूनं लिहितो. सातवा रकाना, जागेचा, मी नेहमी उजव्या कडेला आखतो, सव्वा इंच रुंद. नऊ वर्षांत एकदाही रुंदी बदलली नाही. दाढीचं पातं घेतलं आणि पट्टी लावून पहिल्या पानाची उजवी कड कापली. सरळ निघाली. हबाटो न सांगता समोर येऊन बसली आणि पानं उलटू लागली. अंधार पडायच्या आत एकोणीस वह्या झाल्या.

माझं पुस्तक होतं ते. आता त्यात हत्ती आहेत, पण ते कुठेच नाहीत.

१९ जुलै, सोमवार

उरलेल्या चार पहाटेला कापल्या. पट्ट्या हबाटोच्या टोपलीत भरून अब्बा गोडानाच्या शेकोटीत घातल्या. म्हाताऱ्यानं वास घेतला आणि म्हणाला, "एवढी वर्षं काय लिहीत होतास? धूर तर गवताचाच आहे."

वह्या गाढवावर लादून ऑफिसात नेल्या. साहेबांनी एक उघडली, दुसरी उघडली, पाचवी उघडली.

"हे काय केलंस?"

"सातवा रकाना आमचा होता. उरलेले सहा सरकारचे. मोजून घ्या, पान एकही कमी नाही."

"तुला कळतंय का, तू स्वतःचं नाव पुसलंस? पुस्तक, पत्र, सगळं गेलं."

"नाव सहा रकान्यांवर घाला," मी म्हणालो. "मावेल."

त्यांनी मला कामावरून काढलं. सरकारी कागद नासल्याचा खटला घालणार म्हणाले. तक्त्याची दुसरी प्रत मी आधीच राजधानीला टपालात टाकली आहे, हे सांगितलं नाही. विचारलं नाही म्हणून.

२१ जुलै, बुधवार

विहिरीवर सगळ्या बायकांना थांबवून समजावलं. म्हटलं, नीट ऐका, मी विचार करून एक युक्ती काढली आहे. दोन-ओढ्याचा माग जिथे दिसेल तिथून रोज सकाळी शेळ्या न्यायच्या, म्हणजे माग मोडेल आणि बंदूकवाल्यांना कळणार नाही.

बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. एकजण तर हंडा खाली ठेवून बसलीच. हबाटोनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंत हो. आम्हाला कसं सुचलं असतं?"

युक्ती चांगली आहे. हसण्यासारखं त्यात काय होतं ते कळलं नाही.

२७ जुलै, मंगळवार

आज आले. निळा ट्रक, चार माणसं, ओळखीचं कुणी नाही. ट्रक वस्तीच्या कडेला उभा केला आणि साखर वाटत विचारू लागले, मोठा नर कुठे आहे. पहिल्या बाईनं पूर्वेला हात केला, दुसरीनं पश्चिमेला. साखर दोघींनी घेतली. शेवटी त्यांनी अब्बा गोडानाला गाठलं.

"म्हाताऱ्या, तू जुना शिकारी ना? खरं सांग."

"खरं सांगायचं तर मी आज सकाळीच पाहिला," अब्बा गोडाना म्हणाला, आणि पांढरे डोळे त्यांच्याकडे लावून सविस्तर रस्ता सांगितला. दोन टेकड्या, एक कोरडं तळं, मग वाळू. पांढरे डोळे पाहूनही त्यांनी ऐकलं. बंदूकवाल्याला ऐकायची घाई असते. ट्रक संध्याकाळपर्यंत त्या वाळूत रुतलेला होता. तो बाहेर काढायला वस्तीतून कुणी गेलं नाही. साखर चहात घालून प्यालो. चांगली होती.

३ ऑगस्ट, मंगळवार

काझुंगू समन्स घेऊन आला. गाडीनं नाही, पायी.

"गाडी कुठे?"

"माझी कंबर धरली आहे," तो म्हणाला. "दर मंगळवारी आणि बुधवारी धरते. डॉक्टर म्हणतो बरी व्हायची नाही." मग जमिनीकडे बघत म्हणाला, "साहेब दुसरा ड्रायव्हर शोधतायत. तो येईपर्यंत मी लंगडतो."

त्याच्याबद्दल १२ जूनला मी डिझेलचोर लिहिलं आहे. ते खोडत नाही, खोडणं मला आवडत नाही. इथे लिहितो की ते चूक होतं.

समन्स ९ तारखेचं आहे. किनाऱ्यावरच्या कोर्टात. आरोपाच्या कागदावर माझ्या नावाचं अक्षर चुकवलंय. दुरुस्त करून सही केली.

८ ऑगस्ट, रविवार

उद्या पहाटे निघायचं. हबाटोनं उंबराएवढ्या मधाच्या गोळ्या बांधून दिल्यात आणि विचारते आहे की कोर्टात टोपी काढतात का. काढतात. राजधानीहून तक्त्याला उत्तर नाही. साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत, नवा ड्रायव्हरही मिळाला म्हणे. मला सहा महिने देतील, कदाचित वर्ष. वडिलांचं वय झालं होतं, मी अजून धडधाकट आहे. तुरुंगात दरवेळी काहीतरी शिकून येतो मी, आणि या खेपेला कायदा शिकेन असं ठरवलंय.

आज सकाळी दोन-ओढ्याला पाहिलं. वारा माझ्याकडे येईल अशा बाजूनं, साठ पावलांवरून. तो गेल्यावर दोरी नाही म्हणून वितीनं माग मोजला. मागोमाग शेळ्या येतच होत्या.

उद्या न्यायाधीश विचारतील, एवढं सगळं ज्याच्यासाठी केलंस तो हत्ती खरंच आहे का? मी उभा राहून सांगेन: आहे. पुढच्या पायाचा घेर सात विती आणि एक बोट. डावा सुळा जमिनीपासून चार बोटं वर, उजवा तीन. एकटा. लीद ताजी, त्यात बाभळीच्या शेंगा. वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटं. मी तुरुंगातून सुटेन तेव्हाही असेल.

हे सगळं शपथेवर. आणि कुठे आहे ते सांगणार नाही, हेही शपथेवरच लिहून घ्या.